इंग्लंडच्या शेतातला गोग्रास

मावशी, तुम्ही गेलात. आणि पुढच्या महिन्यात मला बाळ होणार आहे. ही दोन वाक्यं गेले काही दिवस मी एकापुढे एक ठेवून बघते आहे. ती जोडली जात नाहीत. मध्ये कुणीतरी असायला हवं होतं, आणि ते कुणीतरी म्हणजे तुम्हीच होतात.

इथल्या मराठी मंडळातल्या लोकांनी मला सांगितलं, तू त्यांच्या जवळची, तू लिही. तुमचा जन्म कुठला, शिक्षण किती, कुठल्या लॅबमध्ये किती वर्षं काढलीत, हे सगळं त्या दिवशी फ्युनरल होममध्ये सांगून झालं. राधिकाने इंग्रजीत सांगितलं आणि छान सांगितलं. तुमची मुलगी रडत रडतसुद्धा वाक्य पूर्ण करते. मी मागच्या रांगेत पोटावर हात ठेवून बसले होते. बायका माझ्याकडे बघून डोळे पुसत होत्या, आणि मला मात्र रडू येत नव्हतं. मला भीती वाटत होती. नुसती भीती. कुणीतरी वर खिडकी उघडी ठेवावी आणि तिथून गार वारा अंगावर येत राहावा, तशी.

तुम्हाला सवय होती माझ्या भीतीची. पहिल्यांदा भेटलो तेव्हाही मी घाबरलेलीच होते. कॅरी गावातल्या त्या इंडियन ग्रोसरीत, भेंडीच्या खोक्यासमोर. अमेरिकेत येऊन मला जेमतेम महिना झाला होता आणि एवढ्या डॉलरची भेंडी घ्यावी की नाही हे कळत नव्हतं. मागून आवाज आला, "भेंडी जून आहे. मेथी घे." मग तुम्ही माझ्याकडे नीट पाहिलंत. "कुठली गं तू?"

"मेहकर."

"लोणारच्या अलीकडचं?"

अख्ख्या युनिव्हर्सिटीत मला कुणी हा प्रश्न विचारला नव्हता. सगळे म्हणायचे, पुण्यापासून किती लांब? तुम्ही स्वतः पुण्याच्या असून माझ्या गावाला लोणारवरून मोजलंत. त्या दिवशी तुम्ही मला घरी सोडलंत, आणि नंतर सोडतच राहिलात. शेवटी वैतागून मला गाडी चालवायला शिकवलीत. "हायवेवर घाबरून हळू गेलीस तर जास्त मरशील," असं म्हणायचात. माझ्या मागे बसलेले काका, तुमचे यजमान, तेव्हा डोळे मिटून घ्यायचे.

माझ्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. बाबांची पिठाची गिरणी. आई चौथी शिकलेली. पदवीदान समारंभाला दोघंही येऊ शकले नाहीत. तुम्ही आलात, ताम्हण, निरांजन, सुपारी, सगळं पर्समध्ये घेऊन. सभागृहात आग चालत नाही म्हणून पार्किंग लॉटमध्ये औक्षण केलंत. सिक्युरिटीवाला धावत आला. तुम्ही त्याला हातानेच थांबवलंत, आधी मला ओवाळलंत, मग निरांजन विझवून त्याच्या हातावर पेढा ठेवलात. तो पेढा खाऊन निघून गेला. मला वाटलं, या बाईला कशाचीच भीती वाटत नाही. असं माणूस जवळ असलं की आपल्याला घाबरायची मोकळीक मिळते. मी ती मनसोक्त घेतली.

आईच्या व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळाली तीच मुळी बाळ झाल्यानंतरची. त्या दिवशी व्हिडिओ कॉलवर तुम्ही माझ्याशेजारी बसला होतात. आई पदर तोंडाला लावून म्हणाली, "मावशी, मले तं तिथं कोनी येऊ देत नाई. आता तुमीच तिची माय."

तुम्ही म्हणालात, "अहो, तुम्ही निर्धास्त राहा. मी आतपर्यंत जाणार आहे तिच्याबरोबर. तो अमोल इंजेक्शन बघून खाली बसतो. त्याचा काय उपयोग?"

माझा नवरा पलीकडच्या खोलीतून म्हणाला, "मावशी, मला ऐकू येतंय."

"ऐकू यावं म्हणूनच बोलले."

असं ठरलं होतं. आणि आता तुम्ही नाही.

भीतीचा विषय निघाला की मला ते शेत आठवतं. आपण त्यावरून भांडत राहिलो आणि भांडण अर्धंच राहिलं, म्हणून ते सगळं एकदा पहिल्यापासून सांगते. तुमच्या पद्धतीने नाही. तुम्ही मंडळाच्या पॉटलक जेवणात सांगायचात ती गोष्ट वेगळी आहे. तीत सगळे हसतात.

गेल्या सप्टेंबरमध्ये तुम्ही आणि काका राधिकाकडे इंग्लंडला गेला होतात, आणि मला माझ्या कंपनीने तिकडे कॉन्फरन्सला पाठवलं होतं. शनिवारी तुम्ही मला बोलावून घेतलंत. राधिकाला काम होतं. तिने आपल्याला एका जुन्या गावात सोडलं आणि ती संध्याकाळी न्यायला येणार होती. मधाच्या रंगाच्या दगडाची घरं, छपरंही दगडाचीच. गावाच्या मध्यावर बाजाराचा जुना खांब. कित्येक शतकांपूर्वीचं चर्च, आणि त्याच्या आवारात थडग्यांवर ओणवी झालेली काळपट झाडं. चर्चच्या उंबऱ्याचा दगड मधोमध झिजून वाटीसारखा झाला होता. तुम्ही वाकून त्यावरून हात फिरवलात. काका म्हणाले, "एवढं जुनं गाव आणि एकाही भिंतीवर जाहिरात नाही. कसं काय चालतं यांचं?" मग ते चहाच्या दुकानात शिरले आणि जाहीर केलं, "मी आणि माझा गुडघा इथेच बसतो. तुम्ही जाऊन या."

त्या दुकानातल्या बाईंनी तुम्हाला रस्ता सांगितला. चर्चच्या मागून निघायचं, ओढा ओलांडायचा, तीन शेतं पार करून टेकडी चढायची आणि दुसऱ्या बाजूने गावात उतरायचं. वाटेवर पिवळे बाण असतील, ते धरून जा. तुम्ही बुटांच्या नाड्या घट्ट बांधल्यात. कॅरीच्या ग्रीनवेवर, त्या झाडीतल्या पायवाटेवर, रोज सकाळी चालणारं माणूस; तुम्हाला ते पाणी प्यायल्यासारखं होतं.

मी मात्र पहिल्याच फाटकाशी अडले. फाटकाच्या आत चक्क कुणाचं तरी शेत होतं. कापलेल्या गव्हाची खुंटं, लांबवर एक ट्रॅक्टर.

"मावशी, असं दुसऱ्याच्या शेतात घुसायचं?"

"घुसायचं नाही. चालायचं. वाट सगळ्यांची आहे, त्या बाई म्हणाल्या ना."

"कोणी बंदूक घेऊन आलं तर?"

"अगं, हे नॉर्थ कॅरोलायना नव्हे."

तुम्ही हसत होतात, पण मी गंमत करत नव्हते. शेजाऱ्याच्या लॉनवर पाय पडला तरी सॉरी म्हणायचं, चुकून दुसऱ्याच्या ड्राइव्हवेत गाडी वळवली तर हात वर करून हसायचं, हे अमेरिकेने माझ्या अंगात भिनवलंय. मेहकरला आम्ही कुणाच्याही बांधावरून शाळेत जायचो. तिथली मी कुठे गेले कोण जाणे. तुम्ही फाटक उघडलंत, मला आत घेतलंत आणि परत लावलंत. आपण शेताच्या मधोमध चालत गेलो. माझं सगळं लक्ष ट्रॅक्टरकडे. ट्रॅक्टरवाल्याने हात हलवला. तुम्ही दोन्ही हात हलवलेत.

दुसऱ्या शेताच्या कुंपणावर चढून पलीकडे उतरायला लाकडी पायऱ्या होत्या. त्यांवर बसून आपण डबा उघडला. राधिकाच्या स्वयंपाकघरात सकाळी लाटलेल्या पोळ्या, बटाट्याची भाजी, लिंबाचं लोणचं. तुम्ही नेहमीप्रमाणे पहिल्या पोळीचा तुकडा बाजूला काढलात.

गोग्रासाची तुमची ही सवय आम्हाला सगळ्यांना ठाऊक होती. कॅरीत गाय कुठली? म्हणून तुम्ही तो डेकखाली ठेवायचात आणि पहाटे हरणं येऊन खायची. काका त्याला 'हरणग्रास' म्हणायचे. तुम्ही म्हणायचात, "पोचतो जिथे पोचायचा तिथे." इतकी वर्षं असं चाललं होतं. आणि त्या दिवशी कुंपणापलीकडे, हिरव्यागार उतारावर, खऱ्या गाई चरत होत्या. तांबड्या, काळ्या, धष्टपुष्ट. जवळ त्यांची वासरं.

तुमचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "बघ गं. इतक्या वर्षांनी. खरी गाय."

कुंपणाच्या खांबावर छोटी पाटी होती. मी मोठ्याने वाचली : गाईंसोबत वासरं आहेत, अंतर ठेवा.

"गाय आहे," तुम्ही म्हणालात. "वाघ नाही."

"आमच्या बाजारात एका गाईने भाजीवालीला उचलून फेकलं होतं. मी डोळ्यांनी पाहिलंय."

"बाजारात लोक छळतात तिला. ही बघ किती सुखात आहे."

"मावशी, तुम्ही पुण्याच्या. तुमची गाय पुस्तकातली."

"आणि तुझी?"

"शिंगवाली."

"मग झालं तर. यांना शिंगंच नाहीत." आणि तुम्ही पोळीचा तुकडा हातात घेऊन पलीकडे उतरलात.

मी सॅक आणि डबा गोळा करून तुमच्यामागे उतरले. तुम्ही वाट सोडलीत. सरळ त्यांच्याकडे निघालात, हात पुढे करून, जीभ टाळ्याला लावून चक् चक् करत. "ये. ये गं. ये माझी बाय." एका तांबड्या गाईने मान वर केली. शांतपणे चालत आली, मान लांबवली, आणि जाड करड्या जिभेने तुमच्या तळहातावरून पोळी उचलली. तुम्ही तिच्या कपाळाला हात लावून तो आपल्या कपाळाला लावलात. डोळ्यांत पाणी होतं. ते मी पाहिलं, आणि त्या क्षणापुरती मीही भीती विसरले.

मग बाकीच्या आल्या.

गोष्ट सांगताना तुम्ही इथे म्हणायचात, "आणि मग सगळा महिला मंडळाचा मेळावाच आला!" लोक खदखदायचे. मावशी, त्या धावत आल्या होत्या. उतारावरून. पायाखालची जमीन धडधडत होती. तळपायांना ती जाणवत होती. मी आयुष्यात गाईला असं धावताना पाहिलं नव्हतं. आमच्याकडच्या गाई धावल्या तर काठीला भिऊन धावतात. या कशाला भिऊन धावत नव्हत्या. वासरं मध्ये उड्या मारत होती. एक काळी गाय वासराच्या आणि आपल्या मध्ये येऊन उभी राहिली, मान खाली घालून, नाकातून जोरात श्वास सोडत. मी मागे वळले तर मागेही दोन होत्या. कुंपणाच्या पायऱ्या खूप लांब गेल्या होत्या. मी म्हणाले, "मावशी, पळू या." माझाच आवाज मला ओळखू आला नाही.

तुम्ही माझं मनगट धरलंत. "पळायचं नाही. अजिबात. हळू चाल, कुंपणाच्या बाजूने."

आणि तुम्ही त्यांच्याशी बोलायला लागलात. मराठीत. जेवणावळीत वाढपी बोलतो तसं. "संपलं हं. झालं आता. सगळं संपलं. बाळाला घे जवळ, जा." आपण तिरपे, पाऊल पाऊल, बाभळीसारख्या काटेरी कुंपणाकडे सरकत होतो. त्या आपल्याबरोबर सरकत होत्या. काळीने डोकं पुढे केलं आणि तुमच्या खांद्याला धक्का दिला. नुसता हलकासा; तिच्या दृष्टीने. तुम्ही गुडघ्यावर पडलात.

मी किंचाळले. हातात डबा होता, उरलेल्या पोळ्यांचा. तो मी भिरकावला. जोर लावून, टेकडीच्या दिशेने. तो दगडावर आपटून खणखणला, झाकण उडालं, आणि निम्म्या गाई तिकडे वळल्या. काळी वळली नाही. ती तिथेच उभी राहिली. पण तिचं वासरू डब्याकडे पळालं आणि मग ती त्याच्यामागे गेली. मी तुम्हाला काखेत धरून उठवलं. कुंपणात जिथे फट दिसली तिथून आपण घुसलो. काटे, काहीतरी झोंबणारी पानं, माझी ओढणी अडकली ती तिथेच राहिली.

पलीकडच्या वाटेवर एक म्हाताऱ्या इंग्रज बाई कुत्र्याला घेऊन उभ्या होत्या. आपल्याकडे वरपासून खालपर्यंत बघून अगदी सभ्यपणे म्हणाल्या, "गुड आफ्टरनून. आमच्या बायकांना भेटून आलात वाटतं?"

तुम्ही तिथल्या तिथे हसत सुटलात. मी अजून मागे वळून कुंपणाकडे बघत होते. त्या म्हणाल्या, वासरं असली की त्या जरा हट्टी होतात, कुत्रा दिसला तर चालूनच येतात, तो तुमच्याबरोबर नव्हता हे नशीब. पुढची वाट त्यांनी दाखवली. अजून एक शेत आहे, त्यातही गुरं असतात, पण ती वेगळी, तरुण आणि चौकस. दुसरा रस्ता नाही का? आहे, मोटाररस्त्याने, पण त्याला कडेला चालायला जागा नाही आणि गाड्या फार जोरात जातात. त्यापेक्षा शेत बरं. एवढं सांगून त्या आणि त्यांचा कुत्रा निघून गेले.

आता येतं आपलं भांडण.

तिसऱ्या शेताच्या फाटकाशी तुम्ही थांबलात. म्हणालात, "पायात खडा गेलाय," आणि दगडावर बसून बूट काढलात. मी समोर उभी होते. तुम्ही बूट उलटा करून झटकलात. पुन्हा झटकलात. मोज्यावरून हात फिरवलात. मग पुन्हा बूट. नाडी सोडलीत, बांधलीत, सोडलीत. तुमचे हात फार हळू चालले होते. बुटातून काही पडलं नाही. मी नीट बघत होते, मावशी. काही पडलं नाही.

मग तुम्ही उठलात, फाटकाची कडी काढलीत आणि म्हणालात, "चल." आपण कडेकडेने गेलो. तरुण गुरं लांबून बघत राहिली. टेकडीवरून खाली ते गाव दिसलं, चर्चचा मनोरा, धूर निघणारं एक धुराडं. तुम्ही म्हणालात, "काय सुंदर आहे गं." मला सुंदर दिसलं नाही. मला फक्त पुढच्या फाटकापर्यंतचं गवत दिसत होतं.

चहाच्या दुकानात काकांनी आपल्याला बघितलं. केसांत काड्या, तुमच्या पँटवर गुडघ्याला चिखल. "अगं, वॉकला गेला होतात की लढाईला?"

"गोग्रास द्यायला," तुम्ही म्हणालात, आणि सगळी गोष्ट सुरू केलीत. तुमच्या गोष्टीत तेव्हापासूनच मी शूर होते. "हिने डबा असा फेकला, असा फेकला!" तुमच्या गोष्टीत तुम्ही स्वतः कधी पडला नाहीत. काळ्या गाईपुढे 'जरा बसलात'.

त्यानंतर ग्रीनवेवर चालताना मी तुम्हाला कितीदा विचारलं. "मावशी, तुम्ही घाबरला होतात ना?"

"छे. गाईला काय घाबरायचं?"

"फाटकाशी बसला होतात तेव्हा."

"खडा होता गं."

"खडा नव्हता. मी बघत होते."

"बारीक होता. तू लांब उभी होतीस."

"मी समोर उभी होते!"

"वकील व्हायला हवं होतंस तू," असं म्हणून तुम्ही चालण्याचा वेग वाढवायचात. माझ्या पोटात बाळ आहे हे कळल्यावर मात्र हळू चालायला लागलात, पण उत्तर बदललं नाहीत.

तुम्हाला कधी सांगितलं नाही, पण मी ते भांडण जिंकायला विचारत नव्हते. गंमत म्हणून तर नाहीच. मला ते खरंच हवं होतं. तुम्ही घाबरत नसाल, तर तुम्ही वेगळ्या मातीच्या. मग तुम्ही केलंत ते मला जमणारच नाही. इथे येणं, परक्या गावात एकटीने राधिकाला जन्म देणं (तेव्हा तुमची आईही येऊ शकली नव्हती, हे तुम्ही एकदाच, भांडी विसळता विसळता म्हणाला होतात), मग अनोळखी पोरींना ग्रोसरीतून उचलून घरी आणणं. पण तुम्ही घाबरलेल्या असाल, आणि दगडावर बसून बूट झटकत बसला असाल, आणि मग उठून कडी काढली असेल, तर ते मलाही कदाचित करता येईल. मला एवढंच हवं होतं. 'हो, घाबरले होते' एवढंच. या वेळी नक्की विचारायचं, हसू द्यायचं नाही, असं ठरवून मी त्या सकाळी ग्रीनवेवर आले. तुम्ही आला नाहीत. मी दोनदा फोन लावला. मग काकांचा आला.

तुम्ही जाण्याआधी मला एकदा सांगायला हवं होतं, असं मनात येतं आणि मग मला माझाच राग येतो. गेलेल्या माणसाकडे कोण हिशेब मागतं? तुम्ही जे दिलंत ते घेऊन मी गप्प बसावं. मी गप्प बसत नाही, कारण रात्री बाळ लाथ मारतं आणि मला वाटतं, तिथे आत, त्या पांढऱ्या खोलीत, माझं मनगट कोण धरणार? 'पळायचं नाही' कोण म्हणणार? आणि म्हटलं कुणी, तरी मी त्याचं ऐकेन का?

अजून तेरावा व्हायचाय. मी बुधवारी काकांना खिचडी घेऊन गेले होते. ते ओट्याशी उभे होते. चहा केला होता, दोन कप. एक मला दिला, आणि माझ्या लक्षात आलं की तो मी येणार म्हणून केलेला नव्हता. मी तो घेतला. प्यायले.

मग विचारलं. "काका, मावशी घाबरायच्या का हो? कधी?"

काकांनी कप ओट्यावर ठेवला. "तुला सांगतो. मी इतकी वर्षं तिच्या शेजारी बसून विमानाने आलो-गेलो. विमान हललं की मी तिचा हात धरायचो. तिने माझा कधी धरला नाही. मला वाटायचं, घाबरत नाही. आता वाटतं, मी धरलेलाच असायचा. तिला धरायची वेळच मी येऊ दिली नाही." मग म्हणाले, "माहीत नाही गं. मी विचारलंच नाही."

तर मावशी, उत्तर आता कुणाकडेच नाही. हे मला पचवावं लागेल. माझी अर्धी भीती तुमच्या एका शब्दावर अडकून राहिली होती, आणि तो शब्द येणार नाही.

मी निघाले तेव्हा काका दारापर्यंत आले. चप्पल घालता घालता मला दम लागला, वाकता येईना. त्यांनी खुर्ची ओढून दिली आणि म्हणाले, "शनिवारी तुमचा तो हॉस्पिटलचा क्लास आहे ना? बाळंतपणाच्या प्रॅक्टिसचा. तुझी मावशी येणार होती."

"हो. आता अमोल आणि मी जाऊ."

"मी येऊ?"

 काकांना रक्ताचा रिपोर्ट वाचतानासुद्धा घाम फुटतो, हे तुम्हीच सांगितलंत मला.

"मला काही येत नाही," काका म्हणाले. "अगदी काही नाही. राधिकाच्या वेळी मी बाहेर बाकावर बसलो होतो, तेव्हा आत घेतच नव्हते. निदान तेच कारण मी सांगत आलो. पण तिने तुझ्या आईला शब्द दिलाय. तो आमच्या घरातून दिलाय."

काल शनिवार होता. आम्ही तिघं गेलो. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, ऑफिसच्या वेळचा. अमोलने गाडी चालवली आणि काका मागे माझ्याशेजारी बसले. प्रत्येक स्पीड बंपला "सांभाळून" म्हणत होते. हॉस्पिटलच्या खोलीत गाद्या मांडल्या होत्या, प्रत्येक बाईबरोबर तिचा नवरा, कुणाची आई, कुणाची बहीण. भिंतीवर चित्रं होती ती पाहून काकांनी नजर छताकडे नेली.  मी अमोलला म्हणाले, "घरी जाऊ या का?" तो म्हणाला, "मी तेच म्हणणार होतो." आणि आम्ही दोघंही उठलो नाही.

शिकवणारी नर्स उंच, हसरी होती. एकेकाजवळ जाऊन विचारत होती, तुम्ही कोण, बाळाच्या आईचे कोण, आणि नाव चिकटपट्टीवर लिहून छातीवर लावत होती. आई. नवरा. बहीण. नवरा. ती आमच्यापाशी आली. अमोलने सांगितलं. मग तिने काकांकडे बघितलं. "अँड यू, सर? डॅड?"

काकांनी मान हलवली. "नो." ग्रँडफादर? "नो, नो." ती वाट बघत होती. सगळी खोली वाट बघत होती. काकांनी घसा साफ केला. ते शब्द शोधत होते आणि त्यांना इंग्रजीत एकही सापडत नव्हता. मग मान सरळ करून म्हणाले, "आय ॲम हर मावशी."

नर्सने स्पेलिंग विचारलं. काकांनी एकेक अक्षर सांगितलं. तिने ते जाड पेनाने लिहिलं, त्यांच्या इस्त्रीच्या शर्टवर चिकटवलं, वरून दोनदा थोपटलं आणि म्हणाली, "वेलकम, मावशी."

मग तिने श्वास घ्यायला शिकवलं. नाकातून आत, तोंडातून बाहेर, मोजत. सगळ्या खोलीत काकांचा श्वास सगळ्यांत मोठ्याने ऐकू येत होता. त्यांनी डोळे घट्ट मिटले होते. मी त्यांच्याकडे बघितलं आणि तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा मला रडू आलं. खूप आलं. नर्स म्हणाली, होतं असं, थांबू नका, श्वास चालू ठेवा.

मला अजून भीती वाटते, मावशी. काकांना माझ्याहून जास्त वाटते. आम्ही पुढच्या शनिवारचंही नाव नोंदवलं आहे.